अरुविप्पुरमचा दगड आणि सभेचे दफ्तर

केरळाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे तेथील साक्षरतेचे कौतुक हटकून होते, आणि गावोगावची वाचनालये, सकाळी चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेला मजूर, सभासंमेलनांचा तेथील लोकांना असलेला सोस, यांची वर्णने आपण एकमेकांना मोठ्या आवडीने सांगतो. परंतु ज्या मुलखाची ही वर्णने आहेत, त्याच मुलखात, फार जुन्या काळी नव्हे तर आपल्या आज्यापणज्यांच्या हयातीत, माणसाने माणसापासून किती दूर उभे राहावे याचा हिशेब पावलांनी मोजला जात असे, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. १८९२ साली त्या भागातून प्रवास केलेल्या स्वामी विवेकानंदांना तेथील जातिनिर्बंध पाहून इतका उद्वेग वाटला की, पुढे मद्रासच्या एका व्याख्यानात त्यांनी मलबारी लोकांना वेड्यांची आणि त्यांच्या घरांना वेड्यांच्या इस्पितळांची उपमा दिली.

कोडे असे आहे की, १८८८ साली ज्या त्रावणकोर संस्थानात खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने शिवलिंग स्थापले म्हणून खळबळ उडाली, त्याच संस्थानाच्या राजाने १९३६ साली जाहीरनामा काढून सरकारी देवळांचे दरवाजे सर्व हिंदूंना उघडले. मधली वर्षे अवघी अठ्ठेचाळीस. शेकडो वर्षांची वहिवाट एवढ्या अल्पावधीत कशी हलली? राजाची उदारबुद्धी, मिशनऱ्यांच्या शाळा, इंग्रजी शिक्षण ही नेहमी दिली जाणारी उत्तरे खोटी नाहीत. पण राजे याआधीही होते आणि मिशनऱ्यांच्या शाळा तर १८८८ च्या कितीतरी आधीपासून चालत होत्या. माझ्या मते या कोड्याचे खरे उत्तर एका संन्याशाने जागवलेली भक्ती, एका कवीने वर्षानुवर्षे सांभाळलेले सभेचे दफ्तर, आणि ज्यांच्यापर्यंत या दोहोंचा लाभ पुरता पोहोचला नाही अशा शेतमजुरांनी स्वतः उचललेले पाऊल, या तिहींच्या साखळीत आहे. ती साखळी कडीकडीने उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न.

अंतराचा हिशेब

आपल्या परिचयाची अस्पृश्यता म्हणजे मुख्यतः स्पर्शाचा विटाळ. मलयाळी मुलखात त्याच्या जोडीला अंतराचाही विटाळ होता. नायराने नंबुद्री ब्राह्मणाच्या जवळ जावे पण त्याला शिवू नये. ईळवा जातीच्या माणसाने बऱ्याच पावलांवरून बोलावे. पुलय जातीच्या शेतमजुराने त्याहूनही दूर राहावे. आणि काही जातींनी तर दृष्टीसही पडू नये, असा हा उतरता शिरस्ता होता. अंतराचे आकडे जागोजागी निरनिराळे सांगितले जात, पण तत्त्व सर्वत्र एकच होते.

आता या शिरस्त्याचा परिणाम केवळ मानापमानापुरता होता असे समजणे ही मोठी चूक होईल. देऊळ म्हणजे गावाचे केंद्र. देवळाच्या जवळून जाणाऱ्या रस्त्यांवर खालच्या जातींना मज्जाव, आणि बाजार, कचेरी, शाळा ही पुष्कळदा त्याच रस्त्यांच्या आसपास. म्हणजे देवळाचा दरवाजा बंद झाला की रस्ता बंद, रस्ता बंद झाला की शाळा बंद, आणि शाळा बंद झाली की सरकारी नोकरी बंद. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असे फर्मान काढले होते, ही त्या काळाच्या मानाने अत्यंत थोर गोष्ट. परंतु ज्याला शाळेच्या रस्त्यावर पाऊल टाकण्याचीच मुभा नाही, त्याला ते फर्मान काय उपयोगाचे?

या निर्बंधाला परंपरेचा आधार कोणता दिला जाई, हे महाराष्ट्रीय वाचकाला कळण्यासारखे आहे. परशुरामाने समुद्र हटवून भूमी निर्माण केली ही आपल्या कोकणातली कथा केरळातही सांगतात, आणि ती भूमी त्याने ब्राह्मणांना दान दिली या उत्तरार्धावर तेथील जमिनीचा हक्क उभा केला जाई. चट्टंबी स्वामी (१८५३–१९२४) या विद्वान नायर संन्याशाने ‘प्राचीन मलयाळम्’ या ग्रंथात नेमका हाच दावा खोडून काढला, आणि ‘वेदाधिकारनिरूपणम्’मध्ये वेदाध्ययनाचा अधिकार कोणा एका वर्णाचा नाही असे शास्त्राच्याच आधाराने प्रतिपादले.

ईळवा समाजाची स्थिती विशेष विचार करण्यासारखी होती. ताडी काढणे आणि नारळाशी निगडित धंदे हे त्यांचे नेमलेले काम. पण त्यांच्यात वंशपरंपरेने वैद्यकी करणारी आणि संस्कृत जाणणारी घराणीही होती. अंगी पात्रता आहे पण वाव नाही, अशी ही अवस्था. डॉ. पल्पू (१८६३–१९५०) यांचे उदाहरण पाहावे. त्रावणकोरात वैद्यकीय शिक्षणाला त्यांना जातीमुळे प्रवेश मिळाला नाही. ते मद्रासला जाऊन शिकले. परत येऊन नोकरीचा अर्ज केला तो नामंजूर झाला. अखेर म्हैसूर संस्थानाने त्यांना नोकरी दिली. स्वतःच्या संस्थानाने झिडकारलेल्या या गृहस्थाने १८९६ साली १३,१७६ ईळवांच्या सह्यांचा एक अर्ज त्रावणकोरच्या महाराजांना सादर केला. मागणे एवढेच होते की आमच्या मुलांना सरकारी शाळा आणि सरकारी नोकऱ्या खुल्या कराव्या. दरबारने त्याची म्हणावी तशी दाद घेतली नाही. तेरा हजार सह्या गोळा होतात आणि तरी काही घडत नाही, याचा अर्थ पल्पूंनी अचूक ओळखला: सह्यांच्या मागे उभी राहणारी कायमची संघटना हवी, आणि या समाजाला एकत्र आणील अशी शक्ती धर्माखेरीज दुसरी नाही.

> चौकट : तीन मुलूख
> आजचे केरळ राज्य १९५६ साली झाले. त्यापूर्वी मलयाळी भाषक तीन अमलांखाली विभागलेले होते. दक्षिणेस त्रावणकोर आणि मध्यभागी कोचीन ही दोन संस्थाने, तर उत्तरेचा मलबार हा मद्रास इलाख्यातील एक जिल्हा. या लेखातील बहुतेक घटना त्रावणकोरात घडतात. अंमल निरनिराळे असल्यामुळे एका ठिकाणी मिळालेली मुभा दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू होत नसे.

शिवरात्रीची प्रतिष्ठापना

समाजाला एकत्र आणील अशी ती शक्ती ज्या पुरुषाच्या ठायी होती, तो तिरुवनंतपुरमजवळच्या चेंपळंती गावचा. नारायण गुरूंचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर एका ईळवा कुटुंबात झाला. वडील मुलांना शिकवणारे, मामा वैद्य, आणि घरात संस्कृतचा संस्कार. अध्ययन, काही काळ शिक्षकी, मग भ्रमंती आणि दक्षिणेकडील मरुत्वामलै डोंगरावरील गुहेत तपश्चर्या, असा त्यांचा पूर्वायुष्याचा क्रम आहे. पुढे ते नेय्यार नदीच्या काठी अरुविप्पुरम येथे राहू लागले आणि १८८८ च्या शिवरात्रीस तेथेच ती सुप्रसिद्ध प्रतिष्ठापना झाली.

त्या रात्रीचे वर्णन असे सांगतात की, भाविकांचा मेळा जमला असता गुरू नदीच्या पात्रात उतरले, खोल पाण्यात बुडी मारून एक शिळा घेऊन वर आले, ती छातीशी धरून बराच वेळ ध्यानस्थ उभे राहिले आणि मग काठावरच्या एका खडकावर त्यांनी ती शिवलिंग म्हणून स्थापिली. घडवलेली मूर्ती नाही, मंडप नाही, पुरोहित नाही. प्रतिष्ठापना हा ब्राह्मणांचा अधिकार. तो तुम्हांला कोणी दिला, असा आक्षेप आला, तेव्हा आपण स्थापिला तो ईळवांचा शिव आहे, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

या उत्तरातील मर्म नीट पाहावे. वाद घालायचा तर शास्त्रार्थ करावा लागता, आणि शास्त्रार्थात निर्णय देणारे पुन्हा तेच अधिकारी असते. गुरूंनी वाद न करता कृती केली. एकदा शिवलिंग स्थापन झाले की ते उपटून टाकणे हाच अधर्म ठरतो. त्यामुळे विरोधकांना बोलण्याखेरीज काही करता येईना. शिवाय देऊळ मिळाल्याबरोबर समाजाला यात्रा मिळाली, यात्रेबरोबर एकत्र जमण्याचे निमित्त मिळाले, आणि जमलेल्यांकडून दक्षिणेच्या रूपाने द्रव्यनिधी मिळाला. गुरूंनी त्यानंतर गावोगाव देवळे स्थापिली, पण त्यांचा रोख मूर्तीवर कधीच नव्हता. कारमुक्कूच्या देवळात त्यांनी मूर्तीच्या जागी दीप ठेवला. १९२७ साली कळवंकोडम येथे आरसा बसवला, की दर्शनाला आलेल्याने स्वतःलाच पाहावे. आणि उत्तरायुष्यात तर ते सरळ सांगू लागले की आता देवळे पुरेत, यापुढे शाळा हेच मुख्य देवालय समजावे. अद्वैत हा घटापटाच्या चर्चेचा विषय न राहता शेजारच्या माणसाशी वागण्याचा नियम झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला त्यांच्या सर्व कार्याचा गाभा वाटतो.

कवी आणि कार्यवाह

विहिरीला पाणी लागणे ही एक गोष्ट आणि ते पाटाने वाफ्यापर्यंत पोहोचणे ही दुसरी. अरुविप्पुरमला पाणी लागले होते. पाट खणण्याचे काम १९०३ साली झाले. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या लहानशा मंडळातून ‘श्री नारायण धर्म परिपालन योगम्’ ही संस्था निघाली आणि तिची नोंदणी झाली ती चक्क कंपनीच्या कायद्याखाली. धर्मसंस्था म्हणजे गादी, शिष्यपरंपरा आणि मठाधिपतीची मर्जी, अशी आपली समजूत असते. येथे मात्र सभासद, वर्गणी, वार्षिक सभा, ठराव आणि हिशेब आले. गुरू अध्यक्ष, पल्पू पाठीशी, आणि कार्यवाह म्हणून तिशीचा एक तरुण, कुमारन आशान.

आशान (१८७३–१९२४) कायिक्करा या किनाऱ्यावरच्या गावचे. गुरूंनी त्यांना शिष्य केले, शृंगारिक कविता लिहिण्यापासून परावृत्त केले, आणि पल्पूंनी आपल्या खर्चाने बंगळूरला नेऊन संस्कृत शिकवले. तेथून मद्रास आणि मग कलकत्त्याचे संस्कृत कॉलेज, अशी त्यांची विद्यायात्रा झाली. कलकत्त्यात त्यांनी बंगालमधील नवजागृती प्रत्यक्ष पाहिली आणि इंग्रजी काव्याचाही परिचय करून घेतला. परत आल्यावर या प्रतिभावंताने सुमारे सोळा वर्षे जे काम केले ते पाहून मन भरून येते. शाखांशी पत्रव्यवहार, वर्गणीची वसुली, अर्जांचे मसुदे, अमुक शाळेत आमच्या मुलांना घेत नाहीत अशा तक्रारींचा सरकारदरबारी पाठपुरावा, १९०४ पासून ‘विवेकोदयम्’ या मासिकाचे संपादन, त्रावणकोरच्या प्रजासभेत भाषणे. पल्पूंच्या १८९६ च्या अर्जाला जे बळ नव्हते ते या दफ्तराने आले. कारण एकदा नाकारलेला अर्ज पुढच्या वर्षी आकडेवारीसह पुन्हा दाखल करणारा माणूस आता जागेवर बसलेला होता.

याच माणसाने १९०७ साली ‘वीणपूवू’ हे गळून पडलेल्या फुलावरचे अवघ्या ४१ श्लोकांचे काव्य लिहिले आणि मलयाळी कवितेला नवे वळण लागले. महाकाव्य न लिहिताही महाकवी म्हणून ज्यांची गणना होते असे ते कवी आहेत. वरवर पाहता कार्यवाहपद आणि काव्य यांचा संबंध दिसत नाही, पण तो आहे. रस्ता खुला करण्याचा हुकूम सरकार काढू शकते. परंतु समोरून येणाऱ्या माणसाला पाहून मनात येणारी किळस कोणत्या हुकमाने जाणार? ते काम आशानांनी कवितेकडे सोपवले. ‘दुरवस्था’ (१९२२) या काव्यात १९२१ च्या मलबारमधील दंगलीतून जीव वाचवून पळालेली सावित्री ही नंबुद्री कन्या चात्तन नावाच्या पुलय तरुणाच्या झोपडीत आसरा घेते आणि शेवटी त्याचीच पत्नी होते. ज्याची सावली टाळायची त्याच्याच गवती छपराखाली तिची रात्र जाते, तेथली जमीन, तेथले अन्न, चात्तनचा संकोच आणि त्याची माया तिला दिसू लागते, आणि तिच्याबरोबर वाचकालाही. त्याच वर्षीच्या ‘चंडालभिक्षुकी’त भिक्षू आनंद विहिरीवरच्या मातंगीकडे पाणी मागतो. ती कथा बौद्ध वाङ्मयातली, पुष्कळांना ठाऊक असलेली. पण ज्या वाचकाच्या स्वतःच्या गावातल्या विहिरीवर तोच प्रश्न रोज उभा आहे, त्याने ती वाचली म्हणजे तिचा अर्थच पालटतो.

१६ जानेवारी १९२४ रोजी ‘रिडीमर’ नावाची बोट पल्लना येथे बुडाली आणि त्यात आशानांचा अंत झाला. मलयाळी वाङ्मयाचे एवढे मोठे नुकसान दुसऱ्या कोणत्या एका रात्रीत झाले असेल असे मला वाटत नाही.

पाट जेथे पोहोचला नाही

या संघटनेची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ती मुख्यतः ईळवांची राहिली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुरूंच्या नावाने स्थापन झालेली सभा एका जातीची झाली, याचे दुःख स्वतः गुरूंना झाले आणि १९१६ साली आपण कोणत्याही जातीचे नाही, असे त्यांनी जाहीरपणे प्रसिद्ध केले. ईळवाही पुलयाला दूरच ठेवत असे. त्या भिंतीवर पहिला घाव घातला तो के. अय्यप्पन या तरुणाने. १९१७ साली चेराई येथे त्याने ईळवा आणि पुलय यांचे सहभोजन घडवले, तेव्हा त्याच्याच जातवाल्यांनी त्याला वाळीत टाकले व पुलयाचे नाव जोडून हिणवले. पुढे ‘सहोदरन्’ हे पत्र काढून तो सहोदरन अय्यप्पन या नावानेच प्रसिद्ध झाला.

परंतु पुलयांचा खरा नेता त्यांच्यातूनच निघाला. वेंगानूरच्या अय्यंकाळीला (१८६३–१९४१) लिहितावाचता येत नव्हते. १८९३ साली त्याने एक बैलगाडी विकत घेतली आणि स्वच्छ पांढरे धोतर, अंगरखा व डोक्याला पागोटे असा वेष करून ती सार्वजनिक रस्त्याने हाकली. पुलयाने गाडीत बसणे, कमरेच्या वर वस्त्र घेणे, रस्त्याच्या मधून जाणे, हे तिन्ही अपराध त्याने एकाच वेळी केले. मारामाऱ्या झाल्या, तो हटला नाही. १९०७ साली त्याने ‘साधुजन परिपालन संघम्’ स्थापिला. मुलांना शाळेत घेण्याचे सरकारी हुकूम निघत पण त्यांची अंमलबजावणी होत नसे, तेव्हा त्याने जे अस्त्र उपसले ते अर्जाचे नव्हते. आमच्या मुलांना शाळा नाही तर तुमच्या शेतात आमचे हात नाहीत, असे सांगून पुलय मजुरांनी नांगर टाकला. भाताच्या लावणीचा सारा भार ज्यांच्यावर, त्यांनीच काम थांबवल्यावर जमीनदारांना विटाळाचा हिशेब नव्याने करावा लागला. १९१० साली तो पंचमी नावाच्या एका मुलीला घेऊन ऊरुट्टंबलमच्या शाळेत गेला, तेव्हा ती शाळाच पेटवून देण्यात आली. आज त्या प्रसंगाबद्दल वाचतानाही अंगावर काटा येतो.

कोचीन संस्थानात पंडित करुप्पन या कोळी समाजातील कवीने ‘जातिक्कुम्मी’ हे जातिभेदावर प्रहार करणारे गीतकाव्य रचले. ते लोकनृत्याच्या चालीवर असल्यामुळे निरक्षरांच्याही तोंडी बसले. पुलयांना जमिनीवर सभा घेण्यास जागा मिळेना, तेव्हा एर्णाकुळमच्या खाडीत होड्या एकमेकींना बांधून त्यांवर सभा भरवण्यात आली, कारण पाणी कोणाच्या मालकीचे नव्हते.

अगदी वरच्या टोकाला, नंबुद्रींच्या घरातही, अन्याय होताच. फक्त थोरल्या मुलाने जातीत लग्न करायचे, धाकट्यांनी नायर स्त्रियांशी संबंध ठेवायचे, या चालीमुळे कित्येक नंबुद्री मुली अविवाहित राहत किंवा वृद्ध पुरुषाच्या सवतींत दिल्या जात. व्ही. टी. भट्टतिरिप्पाड (जन्म १८९६) हा तरुण वेद मुखोद्गत असलेला देवळाचा पुजारी होता, पण एका लहान मुलीने शाळेतले गणित विचारले तेव्हा आपल्याला अक्षरओळखही नाही याची त्याला विलक्षण लाज वाटली, आणि तिच्याकडूनच त्याने लिहायवाचायला शिकून घेतले. त्याच माणसाने लिहिलेले स्वयंपाकघरातून रंगमंचाकडे येणाऱ्या स्त्रीचे नाटक १९२९ साली नंबुद्रींच्याच सभेत रंगभूमीवर आले.

वैक्कमचे रस्ते

आता सर्व धागे एकत्र येतात. वैक्कमच्या महादेव मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर खालच्या जातींना बंदी असल्याच्या पाट्या होत्या. ईळवा पुढारी टी. के. माधवन यांनी १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये हा प्रश्न मांडला, आणि ३० मार्च १९२४ रोजी, म्हणजे आशानांच्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांच्या आत, सत्याग्रह सुरू झाला. एक पुलय, एक ईळवा आणि एक नायर, असे तिघे हातात हात घालून पाटीपाशी गेले आणि त्यांना अटक झाली. पुढे अटका थांबवून पोलिसांनी कुंपण घातले, तेव्हा सत्याग्रही कुंपणासमोर उभे राहू लागले. १९२४ च्या महापुरात तर कमरेइतक्या पाण्यातही त्यांनी जागा सोडली नाही. नारायण गुरूंनी वैक्कमचा आपला मठ सत्याग्रह्यांच्या राहण्यासाठी दिला. तमिळ देशातून ई. व्ही. रामस्वामी नायकर आले आणि तुरुंगात गेले; गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबाही तेथे जाऊन आले. नायरांचे पुढारी मन्नत्त पद्मनाभन यांनी वरच्या जातींच्या लोकांचा जथा पायी राजधानीपर्यंत नेला. तरीही रस्ते खुले करण्याचा ठराव संस्थानाच्या विधिमंडळात फेब्रुवारी १९२५ मध्ये एका मताने फेटाळला गेला. अखेरीस नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोड झाली ती अर्धवटच: तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा राखीव राहिला.

मात्र रस्त्याचा प्रश्न एकदा सुटू लागल्यावर देवळाचा दरवाजा किती काळ बंद राहणार? आपल्याकडे महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये आणि नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये झाला. मलबारात १९३१ साली के. केळप्पन यांच्या नेतृत्वाखाली गुरुवायूरचा लढा उभा राहिला. त्रावणकोरात अवर्णांचे, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींचे, पुढारी धर्मांतराची भाषा उघडपणे बोलू लागले, आणि एवढा मोठा संघटित समाज दुसऱ्या धर्मात गेला तर काय होईल ही चिंता दरबारला लागली. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी महाराज चित्तिरा तिरुनाळ बलराम वर्मा यांनी जाहीरनामा काढला. तो दिवस पाहण्यास गुरू नव्हते; ते १९२८ मध्येच समाधिस्थ झाले होते. कोचीनमध्ये आणि मलबारात मात्र देवळे उघडण्यास आणखी दहा-अकरा वर्षे लागली.

जानेवारी १९३७ मध्ये गांधीजी त्रावणकोरातील उघडलेल्या देवळांच्या यात्रेला गेले आणि वेंगानूरला अय्यंकाळीच्या भेटीस थांबले. देवळाच्या दर्शनाबद्दल काही बोलावे, असा तो प्रसंग होता. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या निरक्षर पुढाऱ्याने मात्र डोळे मिटण्यापूर्वी आपल्या समाजात दहा बी. ए. झालेले पाहायचे आहेत, असे मागणे त्यांच्यापुढे ठेवले.